उतरत्या मापाचे बूट

प्रधानबाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि त्यासाठी त्यांना पृथ्वीचा गोल कधी लागला नाही. "पृथ्वी अगदी गोल नाही," असं म्हणून त्या वर्गासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या. "ध्रुवांकडे चपटी आणि विषुववृत्ताशी फुगीर. शेवटच्या बाकापर्यंत दिसतंय ना?" मुली हसून लोळायच्या, बाईही हसायच्या आणि धडा संपायचा. डोंबिवलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कितीजणी पुढे अक्षांश-रेखांश साफ विसरल्या असतील, पण पृथ्वीचा आकार कोणी विसरली असेल असं मला वाटत नाही.

बाई जाड होत्या. 'भरलेल्या अंगाच्या', 'खात्यापित्या घरच्या' असे सोज्वळ शब्द आमच्या स्टाफरूममध्ये चालायचे, पण ते खुद्द बाईंनाच आवडत नसत. "सरळ जाड म्हणा गं. तुमच्या त्या शब्दांनीच वजन वाढल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणायच्या. स्टाफरूममधल्या हातवाल्या खुर्च्यांशी त्यांनी संबंध तोडला होता. एकदा तपासणीला आलेले साहेब आत शिरले, तेव्हा बाई अदबीने उठल्या आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. साहेबांनी नमस्कार केला, बाईंनी तो खुर्चीसकट परत केला. त्यानंतर त्या कायम खिडकीजवळच्या लाकडी बाकावर बसू लागल्या.

खिडकीजवळ बसायला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे बाईंचा डबा. बाई ठाण्याच्या, टेंभी नाक्यावरच्या, सीकेपी. रोज ठाण्याहून गर्दीच्या उलट दिशेच्या गाडीने डोंबिवलीला यायच्या आणि येताना डब्यात सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची खिचडी, नाहीतर कोलंबीचं काहीतरी आणायच्या. आमची स्टाफरूम म्हणजे पोळी, बटाट्याची भाजी आणि ताकातली मिरची. बाईंनी डब्याचं झाकण काढलं की अर्ध्याजणी नाकाला पदर लावायच्या आणि उरलेल्या अर्ध्याजणी उगाचच खिडकीपाशी हवा खायला जायच्या. मी दुसऱ्या अर्ध्यातली. आयुष्यातला पहिला सोडा मी नकाशे ठेवायच्या कपाटाआड खाल्ला. आमच्या कुलकर्ण्यांच्या घरात हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही, आता छापून आलं तर होईल.

अशा या बाई वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पळायला लागल्या. ते कसं झालं, ते सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलं.

साल नेमकं आठवत नाही, पण ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. आमच्या खेळाच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी मिळेना. गणपतीची सुट्टी संपल्यावर आमच्या मुख्याध्यापिका बर्वेबाई यांनी मीटिंग घेतली. बर्वेबाई कडक, पण सरळ. त्यांनी स्वच्छ सांगितलं की खेळाचं प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका असल्याशिवाय मैदानाचा तास ठेवता येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत कल्याणला प्रशिक्षणाचं शिबिर होतं. आपल्यापैकी कोणी गेलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मैदानाच्या तासाला मुलींना शिवण. शिबिरात शिरायलाच एक चाचणी होती, मैदानाच्या चार फेऱ्या न थांबता धावायच्या.

कोणाचा गुडघा दुखायला लागला, कोणाच्या घरी दिवाळीला नणंद यायची ठरली. मी स्वतः पायांकडे बघत बसले. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, "मी जाते."

बर्वेबाईंनी चष्मा काढला. "प्रधानबाई, तिथे पळावं लागतं."

"ऐकलं मी. मी काय नकाशा लटकवायला जाणार आहे?"

"पण तुम्हीच का?"

"मला घाम फार येतो, म्हणून शिवणाच्या मुली दरवर्षी मला रुमाल भेट देतात," बाई म्हणाल्या. "घरचं एक कपाट भरलंय. आता मैदानाच्या तासालाही शिवण झालं तर मी आणि मिस्टर राहणार कुठे?"

सगळ्याजणी हसल्या, बर्वेबाईसुद्धा हसल्या, आणि त्या हशात ठराव पास झाला. खरं कारण रुमाल नव्हतं, पण ते मला पुढे कळलं.

"पळायचं तर आधी बूट हवेत," बाई मला म्हणाल्या. "बाकीचं सगळं देवाने मुबलक दिलंय. रविवारी सकाळी ठाण्याला ये. बूट घेऊ आणि मग घरी जेवायलाच थांब. पापलेट आहे."

मी बुटांसाठी गेले नव्हते, हे उघड आहे.

त्या काळी पळायचे बूट ही काही आजच्यासारखी भिंतभर मांडलेली वस्तू नव्हती. शाळेतल्या मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट असत, पुरुषांचे खेळायचे बूट असत, आणि बायकांसाठी चपला. ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही शिरलो आणि बाईंनी पळायचे बूट मागितले, तर दुकानदाराने अगत्याने विचारलं, "मुलाचं वय काय ताई?"

"एकोणपन्नास," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्याने आतून मुलांच्या बुटांची खोकी आणली आणि बाईंना बसायला ते बुटक्या पायांचं स्टूल दिलं. बाई त्यावर बसल्यावर स्टूल दिसेनासं झालं. समोर जमिनीवर एक तिरका आरसा होता, बुटांपुरता. बाई बराच वेळ त्यात बघत राहिल्या.

"कुलकर्णी," त्या हळूच म्हणाल्या, "कित्येक वर्षांनी मी माझी पावलं समोरून बघतेय गं. वरून दिसत नाहीत ना. बरी आहेत की."

पावलं खरंच बरी होती, गोरी आणि छोट्या बोटांची. दुकानदाराने माप घेतलं, सहा नंबर. सहाचा बूट घातला, तो व्यवस्थित बसला. मी मनात पापलेटापर्यंत पोचलेसुद्धा. तर बाई म्हणाल्या, "आता पाच नंबर द्या."

"पाच धरतील ताई."

"द्या तर खरं."

पाचचे बूट दुकानदाराने आणि त्याच्या नोकराने मिळून चढवले. बाईंच्या कपाळावर घाम आला, पण चेहरा समाधानी होता. मी म्हटलं, "बाई, आत्ताच इतके घट्ट आहेत, तर पळणार कशा?"

मग बाईंनी मला जे समजावलं ते मी अजून विसरलेले नाही. "तुला अजून पोरं नाहीत, म्हणून कळत नाही. आपण मुलांना बूट कसे घेतो? वाढत्या अंगाचे. एक नंबर मोठे घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा आणि पोरगं मापात यायची वाट बघायची. माझ्या दोन्ही पोरांनी शाळा कापसावर काढली. का? तर ती वाढणार. आता मी पळणार म्हणजे काय होणार? उतरणार. मग मी माझ्या आजच्या मापाचे घेतले तर दिवाळीत ते ढगळ नाही का होणार? म्हणून उतरत्या मापाचे घ्यायचे."

"पण वजन उतरलं तरी पाऊल कुठे उतरतं?"

"सगळं उतरतं. बांगडी सैल होते, अंगठी सैल होते, मग पायानेच काय घोडं मारलंय?"

दुकानदाराला ते इतकं पटलं की त्याने खोक्यावर दोरी बांधता बांधता नोकराला सांगितलं, "बघ, याला हिशेब म्हणतात." आम्ही उतरत्या मापाचे बूट घेऊन घरी आलो. प्रधानसाहेब, म्हणजे बाईंचे मिस्टर, हे अगदी काटकुळे गृहस्थ. ते बुटांकडे बघून इतकंच म्हणाले, "छान आहेत. कोणाचे?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी ठाण्याला पळायला सुरुवात केली. पहाटे उजाडता उजाडता तलावपाळीला जायचं आणि तळ्याभोवती पळायचं, असा बेत होता. साडी वर खोचलेली, पायात पांढरे बूट. पण एक गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नव्हती. तेव्हा आपल्याकडे मोठी बाई रस्त्यावर पळताना दिसली की कोणाला वाटायचं नाही की ती व्यायाम करतेय. काहीतरी झालेलं असतं, म्हणूनच ती पळत असते.

पहिल्या दिवशी कोळीवाड्यातली त्यांची नेहमीची मासेवाली पाटी घेऊन येत होती. तिने पाटीच खाली ठेवली. "काय झाला गो बाय? घरान कोन आजारी हाय काय?"

"कोणी नाही. पळतेय नुसती."

"नुसती कशी पळशील?" म्हणत ती बाईंच्या बरोबर पळायला लागली. तिच्यामागे फुलवाला आला. फुलवाल्याला बघून दोन म्हातारे आपला फेरफटका सोडून आले. एका रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली आणि म्हणाला, "मॅडम, बसा ना. हॉस्पिटलला सोडतो. मीटर नाय टाकत." बाई जितकं नाही नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटत गेली की प्रकरण गंभीर आहे आणि बाईंना धक्का बसलाय. शेवटी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. त्या वरात घेऊन जिना चढल्या तेव्हा प्रधानसाहेब दाढी करत होते. त्यांनी साबण लावलेल्या तोंडानेच विचारलं, "कोण गेलं?"

बाईंनी ठाण्यात पळणं सोडलं आणि शाळा सुटल्यावर आमच्या मैदानावर पळायला लागल्या.

हा रोजचा सोहळा असे. पहिला भाग म्हणजे बूट चढवणं. पोटावरून वाकून बाईंचा हात नाड्यांपर्यंत पोचत नसे, त्यामुळे प्रधानसाहेबांनी नाड्यांना एकदाच कायमची गाठ मारून दिली होती. मग बाकावर बसायचं, फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी टाचेमागे घालायची आणि बूट ओढायचा. गणिताच्या बाई रोज ती पट्टी शोधायच्या. दुसरा भाग म्हणजे मैदान. सुरुवातीला बाई निंबाच्या झाडापासून नळापर्यंत पळायच्या, आणि नळाला धरून उभ्या राहायच्या. मग नळापासून फाटकापर्यंत. मुली पायऱ्यांवर बसून बघायच्या. पहिले काही दिवस तोंडावर हात ठेवून हसल्या. मग एकीने धीर करून विचारलं, "बाई, हे परिवलन की परिभ्रमण?"

स्वतःभोवती फिरणं ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरणं ते परिभ्रमण, हे बाईंनीच त्यांना शिकवलेलं. बाई धापा टाकत म्हणाल्या, "परिभ्रमण. त्याला वर्ष लागतं, माहीत आहे ना?"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्या हसायच्या, पण बाईंना नाही, बाईंबरोबर. एकेकजण खाली उतरून त्यांच्या बाजूने पळायला लागली. जेमतेम चालीच्या वेगाने पळताना त्या पोरींची फार पंचाईत व्हायची, पण बाईंच्या पुढे कोणी गेलं नाही.

नवरात्र आलं. बाई सांगायला लागल्या की साडी नेसताना एक निरी जास्त पडते. डब्यात बदल नव्हता. "वजनाचा आणि सोड्यांचा काही संबंध नाही, सोडे वाळवलेलेच असतात," असं त्यांचं शास्त्र. मैदानाची एक फेरी पुरी होऊ लागली होती, कधी दीड. आणि मग दसऱ्यानंतर बाई लंगडायला लागल्या.

काय झालं विचारलं की उडवून लावायच्या. "काही नाही, पाय अजून उतरायचे आहेत," म्हणायच्या. एका संध्याकाळी मुली गेल्यावर मी मैदानावर गेले, तर बाई नळाखाली पाय सोडून कट्ट्यावर बसल्या होत्या. बूट बाजूला पडले होते. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती आणि टाचांना फोड आले होते. त्या छोट्या गोऱ्या पावलांची ती दशा बघून मला भडभडून आलं.

"बाई, हे काय करून घेतलंत?"

"सांगून टाकते बर्वेबाईंना," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "शिवण सुरू करा म्हणावं. माझ्याच्याने नाही होत."

बाईंच्या आवाजात थट्टा नव्हती. तशा त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "जाऊ दे ना बाई. तुमचं काय अडलंय एवढं?"

त्यावर त्या म्हणाल्या, "टेंभी नाक्यावर आमच्या गल्लीत मी सगळ्यांच्या पुढे असायचे. तुला खोटं वाटेल. मुलगेसुद्धा मागे राहायचे. हडकुळी होते तेव्हा, शिडशिडीत. एक दिवस अशीच पळत येत होते, तर आत्या ओट्यावर उभी होती. म्हणाली, थांब आता, मोठी झालीस. मी थांबले. दमले नव्हते गं कुलकर्णी. नुसतं कोणी थांब म्हटलं म्हणून थांबले. मग भरतकाम शिकले, भूगोल शिकले, जाडी झाले. आता आपण या मुलींना तेच सांगणार. मोठ्या झालात, थांबा, हा घ्या सुईदोरा."

मी आपली त्यांच्या चपला उचलून त्यांच्यापुढे ठेवल्या. बाईंनी ओला पाय चपलेत सरकवला आणि थांबल्या. चपलेचा पट्टा पायात रुतत होता.

"हीच चप्पल सकाळी सैल असते," त्या म्हणाल्या.

"असेल."

"असेल काय? सकाळी फटक फटक वाजते. आत्ता बघ, बोट जात नाही." त्यांनी दुसरा पाय बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातलं ते तेज परत आलं. "कुलकर्णी, आपण बूट कधी घेतले?"

"रविवारी. सकाळी."

"ओहोटीला घेतले," बाई म्हणाल्या. "जन्म खाडीच्या काठी गेला माझा आणि मला कळू नये? पायांना संध्याकाळी भरती येते. मी ओहोटीला माप दिलं, त्यातून एक नंबर कमी केला आणि रोज भरतीला पळतेय. चल."

"कुठे?"

"भरती आहे तोवर दुकान गाठायला हवं."

मानपाडा रोडला एक दुकान होतं. औद्योगिक वसाहतीतले कामगार तिथे बूट घ्यायचे, त्यामुळे तिथे चवड्याला रुंद अशी मापं मिळत. मालक पाटील नावाचे तिथलेच, शेतीची जमीन विकून दुकान टाकलेले. बाईंनी आत जाऊन थेट पाऊल पुढे केलं. पाटलांनी नखं बघितली आणि विचारलं, "पायावर दगड पडला काय बाय?"

"अक्कल पडली," बाई म्हणाल्या. "पुरुषांचे पळायचे बूट दाखवा. पुढे अंगठ्याला जागा हवी."

"कसं देऊ? नेमकं का जरा मोठं?"

मला वाटलं आता पुन्हा काहीतरी सिद्धांत निघणार. पण त्या म्हणाल्या, "पाय आत्ता आहे ना, तेवढ्याचे द्या. पुढे कमी होईन, जास्त होईन, ते नंतरचं नंतर बघू."

सात नंबरचे बूट बसले. निळे, बाजूला लाल पट्टा, तळवा जाड आणि मऊ. बाई दुकानातल्या दुकानात चालून बघायला लागल्या. मग मधे रचून ठेवलेल्या गमबुटांना वळसा घालून थोडं पळाल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगं, दुखत नाहीये," एवढंच म्हणाल्या. मला आतापर्यंत वाटत होतं की पळताना दुखणं हे जाडीचं असतं, आणि बहुधा बाईंनाही तसंच वाटत असावं. पाचचे बूट त्यांनी तिथेच मला देऊन टाकले. माझा पाय पाचचा. मी ते घालून कधी पळाले नाही, पण शाळेच्या सहली मात्र बऱ्याच केल्या.

दिवाळी झाली आणि शिबिराचा दिवस आला. बाईंनी पंजाबी ड्रेस घातला होता, आयुष्यात पहिल्यांदाच. तो आमच्या शिवणाच्या बाईंनी शिवून दिला होता, आणि त्या स्वतः फाटकापर्यंत पोचवायलाही आल्या. मी सोबत म्हणून कल्याणला गेले. मैदानावर सगळ्या विशीतल्या मुली उड्या मारत होत्या. शिट्टी गळ्यात अडकवलेला एक तरुण प्रशिक्षक होता. तो आमच्याकडे येऊन अदबीने म्हणाला, "मावशी, पालकांनी तिकडे सावलीत बसायचंय."

"ही बसेल," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

शिट्टी वाजली. बाकीच्या बघता बघता पुढे गेल्या. बाईंनी आपला तो परिभ्रमणाचा वेग धरला. त्यांची पहिली फेरी संपली तेव्हा बऱ्याचजणींच्या दोन झाल्या होत्या. दुसरी संपली तेव्हा सगळ्या पोरी चार फेऱ्या संपवून गवतावर आडव्या झाल्या होत्या. तिसऱ्या फेरीला चहा आला. सगळ्यांचा चहा पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी बाई पळतच होत्या. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, पाय जेमतेम उचलले जात होते. पण उचलले जात होते. चौथ्या फेरीला त्या प्रशिक्षकाला दया आली. मुलगा चांगला होता. तो दोन्ही हात वर करून ओरडला, "मावशी, बास. थांबा आता. केलं तुम्हाला पास."

मी जवळ असते तर तिथेच बाईंना ओढून आणलं असतं, इतक्या त्या थकलेल्या दिसत होत्या. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. एक हात हलवला, नाही म्हणून.

"अजून दमले नाहीये," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासमोरून पुढे गेल्या.

ते धडधडीत खोटं होतं. इतकं दमलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गवतावरच्या मुली एकेक करून उठून बसल्या. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. बाई कोपऱ्यावरून वळल्या, गोलपोस्टच्या जवळून आल्या आणि चुन्याची रेघ ओलांडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ड्रेसच्या खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. कोपऱ्यात मोराचं भरतकाम होतं, सातवी ब.

"रुमाल मात्र बरे शिवतात हं पोरी," त्या म्हणाल्या.

पुढे बरीच वर्षं मैदानाचा तास बाईंनी घेतला. चांगला घेतला असं म्हणवत नाही. खो-खोचे नियम त्यांना शेवटपर्यंत नीट आले नाहीत आणि पंचगिरी त्या बाकावर बसून, डबा खाता खाता करत. पण त्यांच्या तासाला कोणती मुलगी बसून राहिली नाही, अगदी दहावीचीसुद्धा. वजन थोडं उतरलं आणि निवृत्तीपर्यंत सावकाश परत आलं. बाई म्हणायच्या, "विषुववृत्त ते विषुववृत्तच." बूट मात्र त्या नियमाने बदलत राहिल्या, आणि दरवेळी संध्याकाळी.

शेवटचं भेटलो ते तलावपाळीला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाई निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, प्रधानसाहेब गेले होते, आणि बाई लवकरच ठाणं सोडून मुलाकडे बडोद्याला कायमच्या जाणार होत्या. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. त्या तळ्याच्या कठड्यापाशी बाकावर बसल्या होत्या. बरोबर नात होती, सात-आठ वर्षांची, हडकुळी. पायात कोरे करकरीत बूट.

मी शेजारी बसले आणि सवयीने वाकून तिच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. आता मलाही दोन पोरं होती, तीही कापसावरच शाळेत जात होती. "अगदी बेताचे घेतलेत बाई. वाढत्या अंगाचे घ्यायचे ना. सहा महिन्यांत बाद होतील."

"होऊ देत. तेव्हा दुसरे घेऊ," बाई म्हणाल्या. "पळायचंय तिला आज."

तेवढं ऐकायचीच खोटी होती. नात सुटली. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्या, फुगेवाले, बाबागाड्या. ती त्या सगळ्यांतून वाट काढत तळ्याच्या कडेने निघाली. एक आजोबा काठी उगारून म्हणाले, "ए पोरी, हळू." कोणीतरी बाई म्हणाली, "अगं थांब, पडशील." माझंही तोंड उघडलं होतं. बाईंनी न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "दमली की थांबेल."

आम्ही दोघी बघत राहिलो. मुलगी भेळेच्या गाड्यांमागे दिसेनाशी झाली, मग पलीकडे नारळवाल्याच्या अंगाला दिसली, तळ्याला अर्धा वळसा घालून. अजून पळतच होती.